मधूस, खोन कॅनहून

खोन कॅन, थायलंड
१४ जून २०२५

प्रिय मधू,

तुझा तो बारा मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. माझ्यासारखं इंग्रजी शिकवायला परदेशी यावं का, असं विचारतेस. एजंटाचे दीड लाख, ऑनलाइन कोर्स, घरच्यांचं 'आता या वयात कुठे', आणि मधेच कुकरच्या शिट्ट्या. फोन केला असता तर आपण नेहमीसारख्या भलतीकडेच वाहवलो असतो, म्हणून सकाळी चहा घेऊन लिहायलाच बसले.

परवा गुरुवारी शाळेत 'वाय ख्रू' झालं. ख्रू म्हणजे गुरू, आपलाच शब्द. इथे शाळा मेच्या मध्याला उघडते आणि जूनमधल्या एखाद्या गुरुवारी मुलं शिक्षकांना वंदन करतात. गुडघ्यांवर बसून फुलांचं तबक पुढे करतात. पहिल्या वर्षी ते तबक हातात आलं आणि मी बघतच राहिले. त्यात दूर्वा होत्या गं! शेजारी लाह्या, वांग्याचं फूल आणि इक्झोराचा लाल गुच्छ. दूर्वा कुठेही रुजतात, तशी विद्या पसरावी. वांग्याचं फूल मान खाली घालून असतं, तसं नम्र असावं. इक्झोराची कळी सुईसारखी, तशी बुद्धी तीक्ष्ण व्हावी. घरापासून इतक्या लांब, भाषेचा गंध नाही, आणि हातात दूर्वा. त्या दिवशी मी वर्गाबाहेर जाऊन रडले होते. इथे शिक्षकाला मिळणारा मान खरा आहे, एवढं तुला आधी सांगायचं होतं. कारण पुढचं सगळं तितकं गोड नाही.

या धंद्यात तुझ्या इंग्रजीच्या आधी तुझा पासपोर्ट वाचला जातो. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० साली भारत-कोरिया व्यापार करार लागू झाला, तेव्हा आपल्याकडच्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी एक दार किलकिलं झालं, तेही सहाय्यक म्हणून. जपानमध्ये मातृभाषा इंग्रजी नसेल, तर शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी बारा वर्षांचं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण मागतात. आपण दोघी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या, म्हणजे ते दार बंदच. राहतात थायलंड, व्हिएतनाम असे देश. तिथेही पगारात फरक असतोच. मी २०१८ मध्ये आले तेव्हा मला महिन्याला २०,००० बात (इथलं चलन) मिळायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज मुलाला ३५,०००. तास तेवढेच, वह्या तेवढ्याच. त्याच्याकडे शिकवण्याची पदवी नव्हती, माझ्याकडे बी.एड. होतं. हे मला अजूनही पचलेलं नाही आणि पचू नये असंच वाटतं.

आता एजंट. मधू, दीड लाख देऊ नकोस. मी दिले होते. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, वर्क परमिट तिथे गेल्यावर होतं' असं त्यांनी सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं इथे बेकायदा आहे, हे मला दोन महिने वर्ग घेतल्यावर कळलं. मग व्हिसासाठी मला लाओसला पाठवलं. इथून बसने नोंग खाय, मेकाँगवरचा मैत्री पूल ओलांडला की व्हिएंटियान. तिथे थाई वकिलातीच्या खिडकीपाशी कळलं की एजन्सीने दिलेल्या कागदांत शाळेचं एक पत्रच नाही. एका स्वस्त गेस्ट हाऊसमध्ये चार रात्री काढल्या, पर्समध्ये मोजके पैसे, आणि आईला फोनवर 'फिरायला आलेय' सांगितलं. शिवाय करार दहाच महिन्यांचा निघाला. मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगारच नाही. करार वाचताना महिने मोजायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगतेय.

तू म्हणालीस, 'तिथे जन्मापासून इंग्रजी बोलणारे असताना माझं काय चालणार?' तर ऐक. थाई मुलं 'फुटबॉल'ला 'फुटबॉन' म्हणतात, 'ॲपल'ला 'ॲप्पन'. कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'ल' आला की त्याचा 'न' होतो. तो इंग्रज मुलगा बिचारा 'ॲपल, ॲपल' म्हणत दहा वेळा घोकून घ्यायचा. मुलं दहा वेळा 'ॲप्पन' म्हणायची. मला मात्र आपल्या कॉलेजातल्या मॅडम आठवल्या. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवायच्या आणि आपण आरशात बघून सराव करायचो. मी वर्गात छोटे आरसे वाटले. 'न' म्हणा आणि नाकपुड्या चिमटीत धरा, आवाज अडतो. आता जीभ तिथेच ठेवून आवाज जिभेच्या कडांवरून सोडा. चौथीतली एक मुलगी नाक धरून 'ल्ल्ल' करत राहिली आणि एकदम 'ॲपल' म्हणाली. स्वतःच दचकली. इंग्रजी आपल्याला आयती मिळाली नाही, एकेक विटेने रचावी लागली, म्हणून वीट कुठे सुटते ते आपल्याला दिसतं. चौदा वर्षं तासिका तत्त्वावर, फळा-खडूवर ऐंशी-ऐंशी पोरांचे वर्ग सांभाळणारी तू. तुझ्यात काय कमी आहे गं?

पण हे करिअर आहे का, असं स्पष्ट विचारलंस. नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर नाही. त्यावर एक-दोन वर्षं निघतात, मग दर वर्षी तोच नवा करार, तोच धास्तीचा फेब्रुवारी. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. पेन्शन नाही. पन्नाशीतले काही परदेशी सहकारी बघते, सगळी हयात अशी वर्षावर्षाने काढलेली, आणि पोटात गोळा येतो. टिकतात ते शिक्षक म्हणून पात्रता असलेले. इथली शिक्षक परिषद, कुरुसफा, शिक्षणाची पदवी नसलेल्यांना तात्पुरती परवानगी देते, ती कधी ना कधी संपते. तुझं बी.एड. इथे सोन्यासारखं आहे. जमलं तर सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं जगभर चालणारं प्रमाणपत्र, ते कर. तो चार आठवड्यांचा पूर्णवेळ कोर्स असतो आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावं लागतं. महाग आहे, पण एजंटाच्या दीड लाखापेक्षा तो पैसा तुझ्या अंगी लागेल. मी तिसऱ्या वर्षी केला, शाळा बदलली, आज ३४,००० बात आणि बारा महिन्यांचा करार आहे. बात साधारण अडीच रुपयांचा धर. श्रीमंती नाही, पण दर महिन्याला ठरल्या तारखेला पगार येतो. तासिकेचं मानधन वर्ष-वर्ष अडकलेलं आपण दोघींनी भोगलंय, तेव्हा हे काय असतं ते तुला कळेल.

सासूबाईंची तब्येत आणि ओमची दहावी, यावर मी बोलणार नाही. ते तुमचं तुम्ही दोघांनी बसून ठरवा. फक्त तिकडची चीड आली म्हणून निघू नकोस. मी तशी निघाले आणि पहिलं वर्ष सगळं चिडण्यातच गेलं.

आत्ता एवढंच कर. पदवी, बी.एड. आणि गुणपत्रिका बाहेर काढ, राज्याकडून आणि परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकनाला दे, पोलिसांचा दाखला नंतर. टोइक ही इंग्रजीची परीक्षा दे. इथल्या शाळा साधारण ६०० गुण मागतात, ते तू झोपेत आणशील. नोव्हेंबरच्या सत्रासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळा थेट मुलाखती घेतात. आमच्या हेडबाईंशी मी बोललेय. तुझा वर्ग घेतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ त्यांना हवाय. कॅमेऱ्याकडे बघू नकोस, मुलांकडे बघ.

पाऊस सुरू झालाय. वर्गातल्या खिडकीत तबकातल्या दूर्वा ठेवल्यात, अजून हिरव्या आहेत.

तुझीच,
शुभा