मे महिन्यात श्रीलंकेला, पण कुठल्या किनाऱ्यावर?

मा. संपादक,
उन्हाळी सुट्टीसाठी श्रीलंकेच्या ॲडव्हेंचर ग्रुप टूरची जाहिरात बघितली, त्यात मेअखेरीस दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साला बोटीतून व्हेल दाखवणार म्हणे, म्हणून लिहितेय. अहो मे ते सप्टेंबर तिकडे नैऋत्य मान्सून असतो, त्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, मिरिस्साचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल! मेमध्ये पूर्वेला न्या ना, त्रिंकोमालीला व्हेल, अरुगम बेला सर्फिंग, तिकडे तेव्हाच खरी मजा. कितुलगलाला केलानी नदीत राफ्टिंग पण सुंदर आहे, फक्त पाणी चढलं की गाईड नाही म्हणाला तर हट्ट करू नका. ग्रुपमध्ये लहान मुलं, आजी-आजोबा असतात, लोक वर्षभर पैसे साठवून जातात, तेव्हा कुठल्या महिन्यात कुठला किनारा हे टूरवाल्यांनी जाहिरातीतच स्पष्ट छापावं.
- एक वाचक, ठाणे