पाल्कच्या उथळ पाण्यातले ‘परप्रांतीय’

महोदय,

रामेश्वरमच्या मच्छीमारांना श्रीलंकेच्या नौदलाने पकडल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबत कच्चथिवूची चौकटही होती. दर वेळी चर्चा त्या २८५ एकरांच्या बेटावर येऊन अडते: १९७४ च्या करारात ते श्रीलंकेला दिलं की आपलं नव्हतंच? मला मात्र हे भांडण बेटाचं कमी आणि समुद्राच्या तळाचं जास्त वाटतं.

रामेश्वरमजवळच्या धनुष्कोडीहून श्रीलंकेतलं तलैमन्नार सुमारे ३० किलोमीटर. पण इथली खरी गोष्ट रुंदीची नाही, खोलीची आहे. या दोन देशांमधल्या पाल्कच्या उपसागरात बहुतेक ठिकाणी १५ मीटरही पाणी नाही, आमच्याकडच्या मापाने आठ वाव. रामसेतूच्या वाळूवर तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून मुंबईहून चेन्नईला जाणारं मोठं जहाज आजही श्रीलंकेला वळसा घालतं. तो वळसा वाचवायला २००५ मध्ये सुरू झालेला सेतुसमुद्रम कालवा अर्ध्यात राहिला, ते सर्वांना ठाऊक आहे.

जहाजांना अडवणारा हाच उथळपणा माशांना मानवतो. ऊन तळापर्यंत पोचतं, समुद्री गवत उगवतं, त्यात कोळंबी वाढते, डुगॉंग म्हणजे समुद्रगाय चरते. तिच्यासाठी तमिळनाडूने २०२२ साली ४४८ चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला. आणि याच उपसागरात आपल्याकडच्या ट्रॉलरची जाळी तळ खरवडत फिरतात. आपली बाजू ओरबाडून झाली की सीमारेषा ओलांडून पलीकडे.

पलीकडे कोण आहे? जाफना, मन्नारचे छोट्या होड्यांचे मच्छीमार, तेही तमिळच. २००९ पर्यंत श्रीलंकेतल्या यादवी युद्धामुळे त्यांच्यावर समुद्रात जायचे निर्बंध होते. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. त्याच वर्षी आपल्या सरकारनेही ट्रॉलर सोडून खोल समुद्रात जाण्यासाठी अनुदानाची योजना आणली. म्हणजे दुखणं कुठे आहे ते दिल्लीलाही कळलेलं आहे.

मालवणात परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर आले की आमचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, खवळतात, आणि आम्ही सगळे त्यांच्या बाजूने बोलतो. पाल्कमध्ये ते ‘परप्रांतीय’ आपण आहोत. तुरुंगात जातात ते खलाशी, बोटीचा मालक घरी असतो, हेही खरंच.

पुढच्या बातमीत पकडलेली बोट कोणत्या जाळ्याची होती, एवढं तरी छापावं ही विनंती.

– एक वाचक, मालवण