सांगणाऱ्याचं नाव

नवी दिल्ली

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या तुझ्या साखरशाळेत यंदा चाळीसेक पोरं झाली, वाचून बरं वाटलं. पोरं दिवसभर बडबडतात, पण चार ओळी लिही म्हटलं की पाटीकडे बघत बसतात, असं लिहिलंस. त्यावरच लिहितो आहे.

इथे लेकीकडे 'बालकनामा'चा एक अंक हाती पडला. हिंदी, आठ पानांचा. २००३ पासून दिल्लीतली रस्त्यावर राहणारी, काम करणारी मुलं तो काढतात. 'बढते कदम' ही त्यांची संघटना, पाठीशी 'चेतना' ही संस्था. पण कुठली बातमी घ्यायची ते मुलंच बैठकीत ठरवतात. संपादकही त्यांच्यातलाच. १८ वर्षं भरली की तो जागा सोडतो आणि मागच्यांना सल्ला देतो.

मला सगळ्यात भावले ते त्यांचे 'बातूनी रिपोर्टर'. ज्याला लिहिता येत नाही तो बातमी तोंडी सांगतो, लिहिता येणारा उतरवून घेतो. सांगणाराही रिपोर्टरच! गाडीखाली सापडलेल्यांची प्रेतं रुळांवरून उचलायला रेल्वे स्टेशनवरच्या मुलांना पोलीस जुंपतात, ही बातमी या मुलांनी छापली. मोठ्या वृत्तपत्रांनी ती नंतर उचलली. फलाटावर झोपणाऱ्या पोराशिवाय ती कुणाला आधी कळणार होती?

वाचता वाचता आपलं शाळेतलं हस्तलिखित मासिक आठवलं. फुलस्केप कागद, लाल शाईतले मथळे, तुझं ते मोत्यासारखं अक्षर. आणि पाण्याच्या टाकीची बातमी. झाकण फुटलंय, आत कबूतर मरून पडलंय, हे आपल्याला फाटकापाशी फुटाणे विकणाऱ्या पोरानं सांगितलं होतं. सरांनी ते पान ब्लेडनं कापलं. शिवणीपाशी बोटभर कागद तेवढा उरला. त्या कापलेल्या पानाचा राग मी कितीतरी वर्षं धरून होतो. पण दिनू, त्या पानावर तरी त्या पोराचं नाव कुठे होतं? खाली तुझं आणि माझं. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याचं नाव घालावं हे आपल्या मनातसुद्धा आलं नाही. आता त्याचं नाव आठवायला बसलो तर आठवत नाही. फार लागलं मनाला.

तुझ्या पोरांना काय कमी माहीत असेल? पहाटे तीनला बैलगाडीवर मोळ्यांच्या आधाराने झोपणारी पोरं ती. पाणी कुठून आणावं लागतं, धाकट्याला कोपीत, म्हणजे त्या झोपडीत, कोण सांभाळतं, गावच्या शाळेत नाव आहे की कटलं, सगळं त्यांना पाठ असतं. त्यांना लिहायला लावू नकोस. बोलू दे. दोन मोठ्या मुलींना उतरवून घ्यायला बसव. शुद्धलेखन तपासशील, पण वाक्य बदलू नकोस. बातमीखाली आधी सांगणाऱ्याचं नाव, मग लिहिणाऱ्याचं. फक्त मजूर आणणाऱ्या मुकादमाविरुद्ध काही असेल तर नाव अजिबात नको. आई-बापाने त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, पोराला तिथेच राहायचं असतं.

संक्रांतीनंतर मी येतोच. कागद, स्केचपेनं, डिंक घेऊन येतो. तोवर पोरांना एवढंच विचारून ठेव, की पाण्याचा टँकर कोप्यांवर खरंच किती वाजता येतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजू