पीयूसीच्या कागदावरचे दोन आकडे

माननीय संपादक महोदय,

माझ्याकडे १९९८ सालची, तीन सिलिंडरची, ७९६ सीसी इंजिनाची, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेली छोटी गाडी आहे. गेल्या पावसाळ्यापासून ती सिग्नलला थांबली की स्टिअरिंगसकट थरथरू लागे आणि कधी कधी बंदही पडे. मात्र वेग घेतला की तो दोष औषधालाही सापडत नसे. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे स्क्रू फिरवून रेस, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची गती, वाढवून देणे. माझ्याही गाडीचे आधी प्लग बदलले, मग कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि अखेरीस रेस वाढवून ती ‘ठीक झाली’ म्हणून परत मिळाली. थरथर थोडी कमी झाली, पेट्रोल जास्त लागू लागले आणि दोष जागच्या जागी राहिला.

हा दोष इंजिनाच्या मंद गतीतच, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता ते नुसते चालू असतानाच, का दिसतो, हे समजले तर निम्मे निदान होते. अॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, इंजिनाला अगदी थोडी हवा मिळते आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार निर्वात निर्माण होतो. अशा वेळी एखाद्या चिरलेल्या नळीतून किंवा गॅस्केटमधून आत ओढली जाणारी हवा एकूण हवेच्या मानाने बरीच ठरते, मिश्रणातले पेट्रोल कमी पडते आणि सिलिंडर मिसिंग करू लागतो, म्हणजे त्यातले मिश्रण मधूनमधून पेटतच नाही. रेस दिली की तीच गळती नगण्य होते. (इंजिनाचा आवाज एकसारखा असूनही फक्त आसन हादरत असेल, तर दोष बहुधा इंजिनाखालच्या कडक झालेल्या रबरी माउंटिंगचा असतो.)

मला वाट दाखवली ती पीयूसीच्या, म्हणजे धुराच्या प्रदूषण चाचणीच्या, दोन कागदांनी. माझ्यासारख्या जुन्या पेट्रोल गाडीची ही चाचणी इंजिन मंद गतीत ठेवूनच होते. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के आणि हायड्रोकार्बन ४०० पीपीएम होते. नव्या कागदावर तेच आकडे ०.४ टक्के आणि ११०० पीपीएम होते. २००० सालापूर्वीच्या चारचाकीसाठी मर्यादा अनुक्रमे ३ टक्के आणि १५०० पीपीएम असल्यामुळे गाडी दोन्ही वेळा उत्तीर्ण झाली आणि कोणीही काही बोलले नाही. वस्तुतः हायड्रोकार्बन म्हणजे न जळता बाहेर पडलेले पेट्रोल. तो आकडा वाढला आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र घटला, तर ठिणगी चुकत आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरत आहे असा संशय घ्यावा. दोन्ही आकडे वाढले, तर अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर किंवा कार्ब्युरेटरची सुई आधी पाहावी.

हे कागद घेऊन मी दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी हातमोजे घालून एकेक प्लगवायर क्षणभर काढून पाहिली. तिन्ही वेळा इंजिनाची गती सारखीच खाली आली, म्हणजे कोणताही एक सिलिंडर निकामी नव्हता. मग चालू इंजिनावरच ते एकेक रबरी नळी चिमटीत दाबत गेले. मॅनिफोल्डजवळची एक नळी दाबताच थरथर थांबली. वळणाच्या आतल्या, सहसा न दिसणाऱ्या बाजूला ती चिरली होती.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि कार्ब्युरेटरला त्यानुसार मिश्रण आपोआप बदलता येत नाही. त्यामुळे अशा गाड्यांत गळतीचा परिणाम अधिक जाणवणे स्वाभाविक आहे. तरीही प्रत्येक थरथरीचे खापर पेट्रोलवर फोडणे मला पटत नाही. माझी नळी २५ वर्षांहून जुनी होती.

परिवहन विभागाला माझी विनंती आहे की, पीयूसीच्या कागदावर मागील चाचणीचे आकडेही शेजारी छापावेत आणि त्यांच्यात मोठा फरक असल्यास केंद्रचालकाने तो वाहनधारकाच्या नजरेस आणून द्यावा. गॅरेजचालकांनीही रेसच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी तो कागद मागून घ्यावा.

आपला विश्वासू,
एक वाहनधारक वाचक, पुणे