ओंकारच्या आजाराचा टप्पा: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

ओंकारच्या अहवालात डॉक्टरांनी त्याचा डुशेनचा (स्नायू झिजत जाण्याचा) आजार आता चालण्याच्या उत्तरार्धातल्या टप्प्यावर, म्हणजे चालता येते पण ते अवघड होत चालले आहे अशा अवस्थेत, आल्याचे लिहिले आहे. औषध चालू असताना टप्पा पुढे कसा सरकला, असे बाबांनी फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले.

या मुलांच्या शरीरात डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही, त्यामुळे स्नायू रोजच्या वापरानेच झिजतात आणि तिथे चरबी व तंतू साठतात. त्याच्या भरलेल्या पोटऱ्या ताकदीच्या नव्हेत, त्या याच्याच. त्याला चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळीने ही झीज मंदावते, थांबत नाही. टप्पा ठरवताना जमिनीवरून उठायला आणि १० मीटर जायला लागणारा वेळ मोजतात, शिवाय १७ कृतींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. एकूण ३४ पैकी ओंकारला मागच्या वेळी २४ होते, आता १९ आहेत. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत ही मुले वाढीच्या जोरावर सुधारताना दिसतात (आपणही त्या काळात किती निर्धास्त झालो होतो!), म्हणून एका आकड्यापेक्षा उतरणीचा वेग पाहिला जातो.

आई, चेहरा सुजतो म्हणून गोळी बंद करावी असे तुला वाटते. परंतु एवढ्या काळात शरीराने स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी केलेले असल्यामुळे ती अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. चालणे थांबल्यानंतरही ती देतात, कारण हात, पाठीचा कणा आणि श्वास यांना तिचा आधार असतो. टप्प्यानुसार बदलते ती बाकीची काळजी: दहाव्या वर्षापर्यंत हृदयाचे औषध सुरू करायचे, रात्री घोट्यांना स्प्लिंट (आधार देणारी पट्टी) बांधायचे, आणि पुढे चालणे थांबले की कण्याचा बाक व फुफ्फुसांची क्षमता दर सहा महिन्यांनी तपासायची.

बाबा, जिने चढवण्यामागचा तुमचा हेतू मला कळतो, पण जिना उतरताना ताणाखाली आलेल्या स्नायूंना सर्वाधिक इजा होते. कोमट पाण्यात पोहणे चालेल, दमवणारा व्यायाम नको. लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर आताच मागवली आहे, म्हणजे उरलेली ताकद त्याला शाळेत वापरता येईल.

गणपतीला आम्ही येऊ तेव्हा त्याची झोपायची सोय खालच्याच खोलीत करावी, आणि कोणी मालिशवाला किंवा काढा सुचवला तर आधी मला कळवावे.

तुमची,
वैशाली