अंतर कोणते आणि वेळ कुठून कुठपर्यंत?

संपादक महोदय,

कोल्हापुरातून नवी विमानसेवा सुरू होण्याची बातमी आली की तिच्यासोबत दोन शहरांमधील अंतर आणि विमानाला लागणारा वेळ हमखास छापला जातो. हे आकडे खोटे नसतात. मात्र ते नेमके कशाचे आहेत हे सांगितले जात नसल्याने प्रवाशाचा हिशेब चुकतो, आणि त्याची झळ पहिल्यांदाच विमानाने जाणाऱ्याला सर्वाधिक बसते.

मुंबईचेच पाहा. कोल्हापूरचे उजळाईवाडी आणि मुंबई येथील विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे. महामार्गाने पुण्यावरून जाणाऱ्याला साधारण ३८० किलोमीटर पडतात, तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचा मार्ग तब्बल ५१८ किलोमीटरचा आहे, कारण लोहमार्ग आधी पूर्वेला मिरजेपर्यंत जातो आणि तेथून सातारा, पुणे असा वळसा घेत मुंबई गाठतो. तिन्ही अंतरे खरी आहेत. बातमीत त्यांपैकी कोणते दिले आहे, एवढे तरी वाचकाला कळायला हवे.

वेळेच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. ३१० किलोमीटरला जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागले, तर उत्तर जेमतेम २३ मिनिटे येते. प्रत्यक्षात वेळापत्रकात सुमारे तासाभराचा अवधी असतो आणि तोच योग्य आहे. विमान जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामी पोहोचून थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, पुन्हा खाली येणे, यांतच जवळच्या प्रवासाचा मोठा भाग खर्ची पडतो. शिवाय दहा हजार फुटांखाली विमानांना वेगाची मर्यादा असते. लहान शहरांना जोडणारी पंख्याची एटीआर विमाने तर पूर्ण उंचीवरही ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच उडतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी उतरण्यासाठी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

या तासाभराच्या आधी आणि नंतरचा वेळ बातमीत कुठेच नसतो. देशांतर्गत उड्डाणाआधी साधारण तासभर सामान घेण्याची खिडकी बंद होते, म्हणून गडहिंग्लज किंवा जतहून येणाऱ्याला घर किती आधी सोडावे लागेल ते वाचकांनीच ताडावे. मुंबईत उतरल्यावर इष्टस्थळी पोहोचायला लागणारा वेळ पुन्हा वेगळा. परळच्या रुग्णालयात वेळ ठरवून निघालेल्या वृद्धाला किंवा मुलाखतीला चाललेल्या विद्यार्थ्याला ‘तासात मुंबई’ या मथळ्याचा काय उपयोग?

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाविषयी प्रत्येक कोल्हापूरकराला आपुलकी आहे आणि येथून अधिक शहरे जोडली जावीत, अशी माझीही मनापासून इच्छा आहे. म्हणूनच विनंती अशी, की यापुढे आपल्या दैनिकात विमानसेवेची बातमी देताना अंतर हवाई आहे की रस्त्याचे ते लिहावे, सुटण्याची व पोहोचण्याची वेळापत्रकातील वेळ द्यावी आणि विमानतळावर किती आधी हजर राहायचे तेही त्याच चौकटीत छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर