बोगद्यातला धूर आणि पंख्यांचा वेग

महोदय,

इंदूर-खंडवा महामार्गावरील बोगद्यांविषयी आपल्या अंकात आलेल्या वृत्तात, शक्तिशाली पंखे आगीचा धूर तत्काळ बाहेर फेकतील असा जो दिलासा दिला आहे, तो मला अपुरा वाटतो. मालट्रक पेटला की तापलेला धूर छताला लागून दोन्ही दिशांना पसरतो. तो वाऱ्याच्या उलट, मागे थांबलेल्या वाहनांकडे येऊ नये यासाठी सेकंदाला साधारण ३ मीटर वेगाचा वारा लागतो. मात्र आग मोठी झाली की तीच वाऱ्याला अडथळा करते, शिवाय घाटातील बोगद्यात गरम धूर चढाकडे ओढला जातो. आग एवढी मोठी व्हायला ज्वालाग्राही माल वाहणारा टँकरच हवा असे नाही: नॉर्वेतील रूनेहामार बोगद्यात २००३ साली झालेल्या चाचण्यांत लाकूड, प्लास्टिक, फर्निचर अशा नेहमीच्या मालाच्या आगींतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा जोर ६६ ते २०२ मेगावॉटपर्यंत गेला.

उलट, आगीच्या पुढेही वाहतूक कोंडलेली असताना पंखे पूर्ण वेगाने सोडले, तर छताशी थर धरून राहिलेला धूर खाली मिसळतो आणि तिथल्या प्रवाशांना पळायला वेळ उरत नाही. फ्रान्स व इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात १९९९ साली पीठ व मार्गारीन वाहणाऱ्या ट्रकच्या आगीत ३९ जण दगावले; तिथे हवा इटलीकडून फ्रान्सच्या दिशेने वाहत होती आणि फ्रान्सच्या बाजूची वाहने धुरात सापडली. म्हणून हे पंखे कोणी, कोणत्या क्रमाने व किती वेगाने चालवायचे, याची चढ आणि कोंडी गृहीत धरून केलेली योजना महामार्ग प्राधिकरणाने प्रसिद्ध करावी.

– एक वाचक, रामबाग, इंदूर